दसरा आणि दारफळणी

आश्विन शुद्ध प्रतिपदेची पहाट. उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधील बराकींच्या ओळींवर अजून पुरता उजेड पडलेला नसतो. मराठी घरांतून परडीत काळी माती पसरली जाते, तीत धान्य रुजत घालतात, घट बसतो, नंदादीपाची वात सारखी केली जाते. पलीकडच्या सिंधी घरात झुलेलालच्या तसबिरीपुढे ज्योत लागलेली असते. आजपासून नऊ रात्री देवीच्या आणि दहाव्या दिवशी सीमोल्लंघन, हे आपल्या घरातील लहान मुलासही सांगावे लागत नाही. परंतु याच दहा दिवसांचे आणखी एक व्रत आपल्याच ठाणे जिल्ह्यात, आपल्याच मराठी भाषेत, कित्येक पिढ्या पाळले जात आले आहे, हे मात्र आपणांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. त्या व्रताचा पहिला दिवस म्हणजे 'नव्याचा सण' आणि दहावा दिवस म्हणजे 'दारफळणीचा सण'.

हे सण बेने इस्रायल समाजाचे. अलिबाग, पेण, रोहा, मुरूड या पट्ट्यात ज्यांना पूर्वी 'शनवार तेली' म्हणत, तेच हे लोक. तेलाचा घाणा हा त्यांचा व्यवसाय, आणि शनिवारी घाणा बंद ठेवणे हा त्यांचा धर्म. धर्माने ज्यू, भाषेने मराठी, आणि आडनावांनी तर पुरते कोकणी. राजपुरीचे ते राजपुरकर, अष्टमीचे ते अष्टमकर, चेऊलचे ते चेऊलकर. फार प्राचीन काळी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी कथा त्यांच्या घराघरांत सांगतात. ग्रंथ समुद्रात गेले. उरले ते एवढेच: शनिवारची विश्रांती, मुलाची आठव्या दिवशीची सुंता, खवले नसलेले मासे न खाण्याचा नियम, आणि 'शेमा' ही एक हिब्रू प्रार्थना. जन्म असो, लग्न असो की मरण असो, तीच एक प्रार्थना म्हणावयाची. शतकानुशतके एवढ्या शिदोरीवर एखादा समाज आपला धर्म टिकवितो, ही गोष्ट नवलाची खरीच.

त्यांचे वर्ष आपल्यासारखेच चांद्र महिन्यांचे, आणि आपल्यासारखेच अधिक मासाने सूर्याशी जुळवून घेतलेले. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने, असा त्यांचा हिशेब. आपला अधिक मास निरनिराळ्या महिन्यांत पडतो. त्यांचा नेहमी अदार या महिन्यालाच जोडलेला. त्यामुळे एखाद्या वर्षी दोन्ही पंचांगांत महिन्याचे अंतर पडते व पुढे ते आपोआप भरून निघते. अशी वर्षे सोडली, तर त्यांच्या तिश्री महिन्याचा पहिला दिवस आपल्या घटस्थापनेला किंवा तिच्या आगेमागे येतो, आणि दहावा दिवस दसऱ्याला. २०२२ साली ५ ऑक्टोबरला, २०२४ साली १२ ऑक्टोबरला आणि २०२५ साली २ ऑक्टोबरला दसरा आणि दारफळणी एकाच दिवशी आली.

शिळा सण आणि शिळे सोने

मला हा मेळ प्रथम उमगला तो पंचांगातून नव्हे. ठाण्याच्या एका कारखान्यात मी उमेदवारी करीत असताना आमच्या विभागात बेने इस्रायल समाजातील एक वडीलधारे कारागीर होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही यंत्रांची पूजा मांडण्याच्या गडबडीत असावयाचे आणि काका आपला लेथ पुसून लखलखीत करून ठेवावयाचे. फुले आम्ही वाहत असू. ते वाहत नसत, पण फुलांसाठी जागा मात्र नीट करून देत. निघताना म्हणावयाचे, "उद्या आमचं दार बंद. तुमचं सोनं परवा घेईन. शिळं चालेल, परवा आमचा शिळा सणच असतो." पहिल्या वर्षी मला ही थट्टा वाटली. परंतु एकादशीच्या दिवशी काका खरोखरच आले, आमच्या हातून आपट्याची पाने घेतली, आणि 'शिळा सण' हे त्यांच्या सणाचे खरे नाव असल्याचे मला समजले.

दारफळणी म्हणजे दारे लावून घेणे. त्या दिवशी बेने इस्रायल कुटुंबे पांढरी वस्त्रे नेसून दार मिटून घेत, बाहेरच्या कोणाशी बोलत नसत, कोणाला शिवत नसत. उपवास सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशीच्या सूर्यास्तानंतर चांदण्या दिसेपर्यंत, आणि तोही निर्जळी. आपल्या ज्येष्ठातल्या एकादशीसारखा. वर्षभराच्या अपराधांची परमेश्वराजवळ क्षमा मागावयाची, तीही आधी माणसांची क्षमा मागून झाल्यावर. दुसऱ्या दिवशी दार उघडले की दानधर्म, भेटीगाठी, तो शिळा सण. जगभरचे ज्यू या उपवासाला योम किप्पूर म्हणतात. कोकणातील लोकांस ते नाव ठाऊक नव्हते. मात्र योम किप्पूरच्या दिवशी सायंकाळी जी अखेरची प्रार्थना होते तिचे हिब्रू नाव 'नेईला', म्हणजेच मिटणे, बंद करणे. स्वर्गाची दारे मिटत आली आहेत, तेवढ्यात आपले गाऱ्हाणे आत पोहोचावे, असा त्या प्रार्थनेचा भाव. ग्रंथ हरवले, भाषा विसरली, पण दाराची गोष्ट राहिली. हा निव्वळ योगायोग असावा, असे मला तरी वाटत नाही.

बाकीच्या सणांची नावेही अशीच घरगुती. नव्या धान्याची नारळाच्या दुधातली खीर करावयाची तो 'खिरीचा सण'. होळीच्या पौर्णिमेच्या सुमारास येणारा त्यांचा पुरीम हा 'होळीचा सण'. यरुशलेमचे मंदिर ज्या तिथीला उद्ध्वस्त झाले ती तिथी आपल्या श्रावणाच्या सुमारास येते. त्या उपवासाला 'बिरड्याचा रोजा' म्हणत, कारण तो सोडताना वालाचे बिरडे असावयाचे. 'रोजा' शब्द मुसलमान शेजाऱ्यांचा, 'बिरडे' आपले. नवस फेडताना एलियाहू हन्नबी या प्रवक्त्याचे नाव घेऊन 'मलिदा' करतात. गोड पोहे, खोबरे आणि फळे यांचे तबक मध्ये ठेवून सगळे भोवती बसतात. अलिबागजवळच्या खंडाळे गावी या प्रवक्त्याच्या रथाची खूण खडकावर उमटली आहे, अशी त्यांची श्रद्धा आहे. आपल्यापैकी कोणी ते तबक पाहिले, तर प्रथम सत्यनारायणाची आठवण होईल.

बाहेरून लावलेले दार

दार मिटून घेणारे हे कोकणातले ज्यू. परंतु त्यांच्या युरोपातील धर्मबांधवांच्या नशिबी दुसरेच दार होते. ते बाहेरून लावलेले असे. व्हेनिस शहरात १५१६ पासून ज्यूंना एका वस्तीत कोंडले होते. रात्री वस्तीचे दरवाजे बंद होत आणि त्यावर पहारा बसे. 'घेटो' हा शब्द त्याच वस्तीचा. फ्रँकफर्टमध्ये १४६२ पासून एका अरुंद गल्लीत राहण्याची सक्ती होती. गल्लीचे दरवाजे रात्री, रविवारी आणि ख्रिस्ती सणांच्या दिवशी बंद असत. सण दुसऱ्याचा आणि कुलूप यांच्या दाराला! धंदे ठराविक, जमीन घेण्यास मनाई, कित्येक ठिकाणी विवाहांच्या संख्येवरही बंधन.

ही दारे मोडली ती फ्रान्सच्या राज्यक्रांतीने. २७ सप्टेंबर १७९१ रोजी फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने सर्व ज्यूंना नागरिकत्वाचे समान हक्क दिले. १७९६ साली फ्रेंच तोफांच्या माऱ्यात फ्रँकफर्टची ती गल्ली बरीचशी जळाली आणि तेथील रहिवाशांना बाहेर राहण्याची मोकळीक मिळाली. १७९७ साली नेपोलियनच्या सैन्याने व्हेनिस घेतल्यावर घेटोचे दरवाजे उखडून चौकात जाळण्यात आले. इंग्लंडात वेळ लागला. लायोनेल रॉथ्सचाइल्ड हे १८४७ पासून पुनःपुन्हा निवडून येत, परंतु ख्रिस्ती शपथ घेण्यास नकार देत. त्यांना पार्लमेंटमध्ये आसन मिळाले ते १८५८ साली. जर्मनीत सर्वत्र समान हक्क येण्यास १८७१ उजाडले.

मुक्ती मिळाली, पण तिची किंमतही मागण्यात आली. फ्रान्सच्या सभेत ज्यूंची बाजू मांडणाऱ्यांनीच बजावले होते की व्यक्ती म्हणून त्यांना सर्व काही द्यावे, मात्र वेगळा समाज म्हणून काहीही देऊ नये. म्हणजे दार उघडले, आणि बाहेर येताना घरातले घरातच ठेवून या, असेही सांगितले. मोझेस मेंडेल्सझोन या जर्मन ज्यू तत्त्वज्ञाने हा पेच आधीच ओळखला होता. तरुणांनी काळाची भाषा शिकावी आणि धर्मही सोडू नये, म्हणून त्यांनी मोशेच्या पाच ग्रंथांचे जर्मनमध्ये भाषांतर केले. ते १७८३ पर्यंत प्रसिद्ध झाले. मेंडेल्सझोन स्वतः अखेरपर्यंत निष्ठावान ज्यू राहिले. पण त्यांच्या सहा अपत्यांपैकी चौघांनी पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८१८ साली हँबर्गमध्ये नव्या पद्धतीचे मंदिर निघाले: काही प्रार्थना जर्मनमध्ये, जर्मनमध्येच प्रवचन, साथीला ऑर्गन. जुन्या मताचे धर्मगुरू संतापले. भाषा बदलली की धर्म निसटतो, हे त्यांचे भय निराधार होते असे म्हणवत नाही. एकाच घरातली मुले गेलेली त्यांनी पाहिली होती.

मशीद बंदरची गोष्ट

आता कोकणाकडे वळू. फ्रँकफर्टची गल्ली जळाली त्याच १७९६ साली मुंबईत मांडवी भागात बेने इस्रायल समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले. बांधणारे शमुएल यहज्केल दिवेकर. लोक त्यांना समाजी हसाजी म्हणत. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते, म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडले, आणि सुटका झाली तर देवाचे मंदिर बांधीन असा त्यांनी नवस केला, असे समाजात सांगतात. नवस फेडला. मंदिराचे नाव 'शाआर हाराहामीम', म्हणजे दयेचे द्वार. पुन्हा दारच! ज्या रस्त्यावर ते उभे आहे त्याला समाजींच्या नावाने सॅम्युएल स्ट्रीट म्हणू लागले. बेने इस्रायल लोक आपल्या मंदिराला साध्या बोलीत 'मशीद' म्हणत; ही 'जुनी मशीद', पुढे झाली ती 'नवी मशीद'. आपण रोज लोकलने ज्या मशीद स्थानकावरून जातो, त्याचे नाव या मशिदीवरून पडले असे मानतात. उल्हासनगरहून पहाटेची गाडी पकडून तेथल्या घाऊक बाजारात जाणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंनी एकदा मान वर करून ती इमारत पाहावी.

लक्षात घेण्याची गोष्ट अशी की या मंदिरासाठी कोणाही राज्यकर्त्यापुढे हक्कांची लढाई द्यावी लागली नाही. कोकणात त्यांच्यासाठी वेगळी गल्ली नव्हती, दरवाजे नव्हते, पहारा नव्हता. परंतु एवढ्यावरून आपण उगाच फुशारून जाऊ नये. आपल्या गावगाड्याने त्यांना ठेवून घेतले ते एक जात म्हणून, तेल्याच्या पायरीवर, आणि ज्याने त्याने आपापल्या पायरीवर राहावे या अटीवर. त्या रचनेची लागण त्यांनाही झाली. 'गोरे इस्रायल' आणि 'काळे इस्रायल' असे भेद त्यांच्यात पडले, आणि रोटीबेटी तुटली. आम्ही त्यांना छळले नाही हे खरे. आमच्यातला एक दोष त्यांना दिला, हेही तितकेच खरे.

त्यांच्यापुढचा खरा प्रश्न हक्कांचा नव्हता, ज्ञानाचा होता. आपण ज्या धर्माचे, त्याचे ग्रंथ आपल्याला वाचता येत नाहीत, ही खंत. फार पूर्वी दाविद रहाबी नावाच्या गृहस्थाने येऊन त्यांची पारख केली, तिघांस धर्मविधी शिकवून 'काजी' नेमले, अशी परंपरा आहे. पुढे १८२६ साली कोचीनच्या ज्यूंतून शिक्षक आले. आणि त्याच काळात आणखी एक शिक्षक आला, ज्याचा हेतू वेगळाच होता. तो म्हणजे ख्रिस्ती मिशनरी.

अमेरिकन मिशनने कोकणात व मुंबईत शाळा काढल्या. त्यांत बेने इस्रायल मुले-मुली मोठ्या संख्येने गेली. स्कॉटलंडचे डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले आणि १८३२ साली त्यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण सिद्ध केले. हिब्रू शिकलेला ज्यू ख्रिस्ताकडे येईल, असा त्यांचा होरा. झाले उलटेच. मिशनच्या शाळेत मुले हिब्रू शिकली, मराठीत छापलेला जुना करार त्यांनी वाचला, आणि ज्या मोशेची, अब्राहामाची, दाविदाची नावेच तेवढी कानावर होती, त्यांच्या कथा हाती येताच ती आपल्या मंदिराकडे परतली. धर्मांतर फार थोड्यांनी केले. अलिबागला १८४८ साली, पनवेलला १८४९ साली, ठाण्याला १८७९ साली प्रार्थनामंदिरे झाली. ज्या गावात पूर्वी नुसता शेमा होता, तेथे तोराची चर्मपत्राची गुंडाळी आली.

या वाचनातून एक संपूर्ण मराठी ज्यू वाङ्मय जन्मास आले. वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचावयाची 'हग्गादा' मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ साली शिळाछापावर निघाली. १८७४ साली पुण्यात निघालेली हग्गादा विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात छापली गेली. तिच्या चित्रांत साड्या नेसलेल्या स्त्रिया बसून बेखमीर भाकरी करताना दिसतात. मिसर देशातून सुटकेची कथा, आणि ती छापणारे अग्निहोत्री! जोसेफ यहज्केल राजपुरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे करण्यात आयुष्य वेचले. मुंबई विद्यापीठात ते हिब्रूचे परीक्षक होते. हाईम शमुएल केहीमकर यांनी १८७५ साली मुंबईत समाजाची शाळा काढली आणि आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. वर सांगितलेली सणांची नावे आणि रीती आज आपल्याला कळतात, त्या मुख्यतः केहीमकरांनी टिपून ठेवल्या म्हणून.

टाळ-चिपळ्या आणि अब्राहाम

आपल्या धार्मिक कुटुंबांस सर्वांत जवळची वाटेल ती गोष्ट पुढेच आहे. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर प्रभृती मंडळींनी मुंबईत बेने इस्रायल कीर्तने सुरू केली. देवळातली हरिकीर्तने त्यांनी ऐकली होती. श्रोत्यांत शास्त्री असो वा मोलकरीण, कथा सर्वांच्या हृदयात कशी उतरते, हे त्यांनी पाहिले होते. त्यांनी तोच साचा घेतला: पूर्वरंग, आख्यान, मध्ये ओवी, साकी, दिंडी, आर्या, साथीला पेटी आणि टाळ. चरित्र मात्र अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे. भावांनी विहिरीत टाकलेला योसेफ आणि त्याचा पिता याकोब यांच्या वियोगाचे आख्यान कीर्तनकाराच्या तोंडून ऐकताना, मूळ हिब्रूतले अक्षरही न येणाऱ्या आजीबाईंच्या डोळ्यांना पदर लागत असेल यात शंका नाही.

हँबर्गच्या मंदिरात जर्मन प्रवचन आणि ऑर्गन आले तेव्हा केवढा वाद माजला होता! येथे मराठी साकी आणि टाळ आले, आणि वाद तर राहोच, समाज धर्माच्या अधिक जवळ गेला. असे का घडले असावे? माझ्या अल्पमतीला वाटते ते असे. युरोपातल्या ज्यूने परक्या सभ्यतेत मान मिळावा म्हणून तिची भाषा देवघरात आणली; तो आतून बाहेर चालला होता. कोकणातल्या ज्यूची मराठी देवघरात आधीपासूनच होती. हरवलेला ग्रंथ तेवढा बाहेरून आत आणावयाचा होता. त्यामुळे भाषांतर एका ठिकाणी उंबऱ्याबाहेरचे पाऊल ठरले, आणि दुसऱ्या ठिकाणी उंबऱ्याच्या आतले.

युरोपातील सुधारणेचा वारा मुंबईस लागलाच नाही असे मात्र नव्हे. लंडनमध्ये लिली माँटेग्यू यांनी १९०२ साली सुधारक ज्यूंची संघटना स्थापिली होती. वैद्यकीच्या शिक्षणासाठी तेथे गेलेल्या डॉ. जेरुशा झिराड यांच्यावर तिचा प्रभाव पडला, आणि १९२५ साली त्यांनी मुंबईत तशीच ज्यूइश रिलिजस युनियन सुरू केली. स्त्री-पुरुषांनी एकत्र बसावे, प्रार्थना समजून म्हणावी, हा आग्रह. डॉ. झिराड पुढे कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बहुसंख्य समाज जुन्या वाटेनेच राहिला, परंतु एक स्त्री धर्मसुधारणेची संस्था काढते आणि तिला कोणी वाळीत टाकीत नाही, हे त्या काळी लहानसहान नव्हते.

दोन भिंती

परकीयांनी जो दरवाजा लावला नाही, तो या समाजाला स्वधर्मीयांकडून सोसावा लागला, आणि तोही दोनदा. बगदादहून मुंबईत आलेल्या श्रीमंत ज्यू व्यापाऱ्यांना हे काळेसावळे, मराठी बोलणारे ज्यू आपल्या बरोबरीचे वाटेनात. १८३६ साली त्यांनी सरकारकडे मागणी केली की दफनभूमीत आमच्या आणि यांच्या मृतांमध्ये भिंत असावी. मेलेल्यांत भिंत! गंमत अशी की या बगदादी मंडळींचे अग्रणी डेव्हिड ससून यांच्या नावाने जी शाळा निघाली, तिचे मुख्याध्यापकपद कित्येक वर्षे जोसेफ यहज्केल राजपुरकरांकडेच होते. बगदाद्यांच्या मुलांना हिब्रू शिकविणारा मास्तर कोकणचा.

दुसरी भिंत अधिक खोल लागली. १९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाले आणि बेने इस्रायल कुटुंबे तिकडे जाऊ लागली. आमच्या कॅम्पात १९४७ नंतर आलेली माणसे सिंधमध्ये राहणे अशक्य झाले म्हणून आली. लष्करी छावणीच्या बराकींत त्यांनी संसार मांडला. येथून गेलेल्या बेने इस्रायलांना मात्र कोणी जा म्हटले नव्हते. ते गेले ते तीन वेळच्या प्रार्थनेत ज्या भूमीचे नाव येते तिच्या ओढीने. तेथे पोहोचल्यावर, १९६१-६२ मध्ये, धर्मपीठाने प्रश्न उपस्थित केला: शतकानुशतके धर्मशास्त्राशी संबंध नसलेल्या या लोकांचे विवाह आणि घटस्फोट शास्त्रशुद्ध होते काय? त्यांच्याशी लग्न लावण्यापूर्वी त्यांच्या कुळाची, शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत, चौकशी करावी, असा आदेश निघाला.

कोकणात दोन हजार वर्षांत जो प्रश्न कोणी विचारला नव्हता, तो यरुशलेममध्ये विचारला गेला. ज्यांनी घाणा थांबवून शनिवार राखला, ज्यांनी शेमा विसरू दिला नाही, त्यांनी आपण ज्यू असल्याचा पुरावा कोठून आणावयाचा? त्यांनी धरणे धरले, निदर्शने केली. अखेर १७ ऑगस्ट १९६४ रोजी तेथील संसदेची खास बैठक भरली आणि बेने इस्रायल हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत, त्यांच्यात व इतरांत भेद नाही, असा ठराव झाला. धर्मपीठाने आदेशातील त्यांचे नाव काढून टाकले. फ्रान्सच्या सभेने १७९१ साली परक्यांकडून समतेचा ठराव केला. या समाजाला १९६४ साली स्वकीयांकडून तो करवून घ्यावा लागला. दोहोंत अधिक दुःखदायक कोणता, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमच्या कारखान्यातल्या काकांचा धाकटा भाऊ त्या वेळी तिकडेच होता. त्या दिवसांबद्दल काका फारसे बोलत नसत. एकदाच म्हणाले, "आमच्या आजीनं बिरड्याचा रोजा कधी चुकवला नाही. तिला कोणी कागद मागितला असता, तर तिनं त्याला बिरडं वाढलं असतं."

काका स्वतः गेले नाहीत. त्यांची मुले गेली. समाजाची तीच कहाणी झाली आहे. १९५१ च्या जनगणनेत भारतात सव्वीस हजारांवर ज्यू होते, २०११ च्या जनगणनेत ते पाच हजारांहूनही कमी भरले. इस्रायलमध्ये या मंडळींनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले. इकडे महाराष्ट्र शासनाने २०१६ साली ज्यू समाजाला अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. कोकणातील कित्येक गावांत प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमणे कठीण झाले आहे. त्या मानाने ठाण्याचे मंदिर जागते आहे.

ठाण्याचे ते मंदिर, 'शाआर हाशामाईम', म्हणजे स्वर्गाचे द्वार, टेंभी नाक्याच्या परिसरात आहे. टेंभी नाक्याच्या देवीचा नवरात्रोत्सव ठाणे-कल्याण पट्ट्यात कोणाला ठाऊक नाही! दर्शनाच्या रांगा, झेंडूच्या राशी, ढोलताशे; आणि तेथून हाकेच्या अंतरावर पांढऱ्या वस्त्रांतली माणसे निर्जळी उपवासाने 'नेईला'च्या वेळेची वाट पाहत असतात.

२०२४ साली दसरा शनिवारी आला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी उल्हासनगर स्थानकावरून गाडी पकडून ठाण्याला काकांकडे गेलो. वयोमानाने त्यांना आता पूर्ण उपवास झेपत नाही, पण त्यांनी तो केला होता. मुलाचा अश्दोदहून दूरध्वनी नुकताच येऊन गेला होता. आमच्या शेजारच्या सिंधी मावशींनी माझ्याबरोबर मिठाई दिली होती; ती त्यांनी डोळ्यांजवळ धरून निरखली, कोणाकडची म्हणून विचारले, आणि कॅम्पातल्या त्या जुन्या बराकी अजून आहेत का याची चौकशी केली. मग हात पुढे केला. मी खिशातून आपट्याची पाने काढली. कालची, कडेने सुकलेली. काकांनी ती घेतली आणि फळीवर, राजपुरकरांच्या प्रार्थनापुस्तकाशेजारी, ठेवून दिली.